गॅस जातो कुठे?



या सदरात आपण बियाणे, खते, कीड, चारा, कांद्याची चाळ असे विषय पाहत आलो. आज मोटारीच्या एसीवर लिहितो आहे हे पाहून काहीजण म्हणतील, साहेबांची निवृत्ती जवळ आली, आता शहराचे वारे लागले. तसे नाही. वस्तीवस्तीवर आता चारचाकी उभी दिसते. कुणी डाळिंबाच्या पैशातून घेतली, कुणी द्राक्षाच्या, कुणी मुलाच्या पगारातून. बहुतेक गाड्या दुसऱ्या हाताच्या, आठ-दहा वर्षे वापरलेल्या. गाडी घेताना इंजिन पाहतात, टायर पाहतात, कागदपत्रे पाहतात. एसी लावून पाहतात तो पौष-माघात, तेव्हा तो गार लागतोच. खरी परीक्षा वैशाखात होते.

गेल्या मे महिन्यात सोलापूरला बैठकीला गेलो होतो. परतताना आमच्या सांगोला भागातले एक डाळिंब बागाईतदार भेटले. त्यांना सगळे नानाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. नानांची लेक सोलापूरला बाळंत झाली होती. बाळ दिवस भरायच्या आधी आलेले, म्हणून बारा दिवस काचेच्या पेटीत. त्या दिवशी सोडले होते. नाना म्हणाले, "साहेब, येस्टीची वाट कशाला बघता, चला आमच्यासंगं. गाडीत एसी हाय." पुढे त्यांचा थोरला मुलगा गाडी चालवायला आणि शेजारी मी. मागे नाना, वहिनी, लेक आणि तिच्या मांडीवर ते एवढेसे बाळ.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर त्रेचाळीस अंश. सोलापूर सुटेपर्यंत बरे होते. कामतीच्या पुढे झरोक्यातून येणारा वारा कोमट झाला, बेगमपूरच्या पुलावर तर भट्टीतून आल्यासारखा. काच खाली करावी तर बाहेरची झळ आत. बाळाचे अंग लालबुंद झाले. त्याने दूध ओढायचे सोडले आणि ते मलूल पडले. माचणूरच्या अलीकडे एका मोठ्या लिंबाखाली गाडी थांबवली. बाळाची दुपटी सोडली, टोपरे काढले, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग हलके हलके पुसले. वहिनी चमच्याने पाणी पाजायला निघाल्या, तेव्हा लेकीने त्यांचा हात धरला. "डॉक्टरांनी सांगितलंय आई, पाणी द्यायचं नाही. दूधच." ती बरोबर होती. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचे पाणी द्यायचे नसते, उन्हाळ्यातसुद्धा नाही. सावलीत पाठीवर हात फिरवत बसल्यावर अर्ध्या तासाने त्याने दूध ओढले आणि आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. पुढे उन्हे कलल्यावरच निघालो. मंगळवेढ्यात दवाखान्यात दाखवून घेतले. बाळ सुखरूप होते.

झाडाखाली बसल्या बसल्या नाना चिडून म्हणाले, "तीन वरसं झाली साहेब, दर पाडव्याला गॅस भरतोय. दीड-दोन हजार जात्यात. ही गाडी गॅसच पिती बघा."

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. गाडी डिझेल पिते. एसीचा गॅस गाडी पीत नाही.

हा गॅस नळ्यांत कोंडलेला असतो आणि गोल गोल फिरत राहतो. जळत नाही, खर्च होत नाही, जुना झाला म्हणून त्याची ताकदही जात नाही. घरातल्या फ्रिजचेच पाहा. चांगला फ्रिज पंधरा-पंधरा वर्षे एकाच गॅसवर चालतो. मोटारीत इंजिनाचे हादरे असतात, रबरी नळ्या असतात, म्हणून वर्षानुवर्षे थोडासा झिरपतो, तेवढे चालायचेच. पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर कुठेतरी भोक आहे. भोक न बुजवता गॅस भरणे म्हणजे उंदराने कुरतडलेल्या पोत्यात धान्य ओतणे.

आपल्या धंद्यातलीच चूक आहे ही. पान पिवळे पडले की टाक युरिया. मुळाशी पाणी साचले आहे का, लोह कमी आहे का, सूत्रकृमी लागले आहेत का, हे कुणी पाहत नाही. युरियाने चार दिवस पान हिरवे दिसते आणि मूळ दुखणे आत वाढत राहते. एसी गार लागत नाही की टाक गॅस, त्यातलाच हा प्रकार.

मी शेतीचा पदवीधर, मोटारीचा नव्हे. पण दूध संकलन केंद्रावरचा बल्क कूलर, घरचा फ्रिज आणि मोटारीतला एसी ही तिन्ही एकाच कुळीतली भावंडे आहेत, आणि बल्क कूलरशी माझा संबंध बराच आला. तत्त्व तुम्हाला माठापासून ठाऊक आहे. माठाला घाम येतो, ते पाणी उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार. सुई टोचण्याआधी डॉक्टर दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार लागते, तेही त्याचमुळे. एसीतला गॅस स्पिरिटापेक्षा फारच उतावीळ असतो. आजच्या बहुतेक गाड्यांत आर १३४ ए नावाचा गॅस असतो. तो उघड्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो.

सायकलचा पंप मारताना नळीचे तोंड तापते हे अनुभवले असेलच. तसा कॉम्प्रेसर या गॅसला दाबून तापवतो. तापलेला गॅस गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो. तिथे बाहेरचा वारा लागला की उष्णता टाकून त्याचे पातळ पाणी होते. ते पातळ एका बारीक तोंडातून डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटते, तिथे दाब कमी असल्याने उकळते आणि उकळायला लागणारी उष्णता गाडीतल्या हवेतून ओढून घेते. तीच गार झालेली हवा आपल्या तोंडावर येते. हवेतली ओल कॉइलवर दहिवरासारखी जमून नळीवाटे खाली पडते. म्हणून एसी चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते. ते पाहून घाबरणारे लोक मी पाहिले आहेत. घाबरू नका, ती एसी चालत असल्याची खूण आहे. दमट हवेतही ते ठिबकत नसेल तर मात्र विचार करा.

म्हणजे पाहण्यासारख्या जागा मोजक्याच. पुढच्या रविवारी मी नानांच्या अंगणात गेलो. माझ्या पिशवीत मातीचे तापमान पाहायचा थर्मामीटर असतो, तो एसीच्या मधल्या झरोक्यात खोचला. धडक्या उन्हात, दहा मिनिटे एसी चालल्यावर, काचा बंद असताना झरोक्यातला वारा साधारण ८ ते १२ अंशांचा हवा. नानांच्या गाडीचा २६ अंश होता. हाताला "जरा गार लागतंय की" असे वाटते, म्हणून हातावर विश्वास ठेवू नये. हात आपल्याला हवे तेच सांगतो.

प्रथम फुकटात होणारी तपासणी. गरम-गार करणारा नॉब पूर्ण निळ्या बाजूला आहे ना? हसू नका. एका शिक्षक मित्राच्या गाडीत थंडीत कुणीतरी तो लाल बाजूला फिरवला होता आणि ते एप्रिलपर्यंत एसीला शिव्या देत होते. मग पाहावे, वारा जोरात येतो का? वाराच कमी असेल तर गॅसचा काही संबंध नाही. बऱ्याच गाड्यांत समोरच्या खणामागे कागदी घडीचा फिल्टर असतो. आपल्या रस्त्यांच्या फुफाट्यात तो वर्षाच्या आत गच्च भरतो. काढून पाहा, काळामिट्ट असेल तर नवा टाका. आमच्या एका शेजाऱ्याच्या गाडीत फिल्टरच्या जागी उंदराने सरकीचा कापूस आणि कडब्याचे तूस आणून सुरेख घरटे केले होते. गाडी धान्याच्या कोठीला लागून उभी करायची आणि मग तारा कुरतडल्या म्हणून ओरडायचे, हे बरोबर नाही.

वारा जोरात, पण गरम. आता बॉनेट उघडायचे. इथे थोडे थांबतो. इंजिन चालू असताना उपरण्याचे टोक, पदर, ओढणी, गळ्यातला दोरा यांतले काहीही आत लोंबता कामा नये. पुढचा पंखा विजेवर चालतो. तो थांबलेला असला तरी कुठल्याही क्षणी आपोआप सुरू होतो, कधी कधी इंजिन बंद केल्यावरसुद्धा. त्यामुळे बोटे लांब ठेवावीत आणि मुलांना तर जवळ येऊच देऊ नये.

एसीचे बटण दाबायला एकाला बसवा आणि दुसऱ्याने कॉम्प्रेसरकडे पाहावे. बटण दाबताच बहुतेक गाड्यांत "टक" असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती पट्ट्याबरोबर फिरू लागते. काही नव्या गाड्यांत ही टकटक नसते, ते वेगळे. चकती फिरलीच नाही तर फ्यूज, रिले, तुटलेली तार किंवा गॅस फारच कमी, यापैकी काहीतरी. फ्यूज कुठे असतो ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दिलेले असते, आणि तो दहा-वीस रुपयांत मिळतो. नवा घालताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. मोटरपंपाच्या फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची आपली सवय इथे गाडी पेटवू शकते. नानांच्या गाडीत चकती फिरत होती, पण दर पाच-सात सेकंदांनी टक करून थांबायची, पुन्हा टक करून सुरू व्हायची. गॅस कमी असल्याची ही नेहमीची खूण. दाब घसरला की आतला एक स्विच कॉम्प्रेसरला थांबवतो. तो स्विच कॉम्प्रेसरचा राखणदार आहे. आतले तेल गॅसबरोबरच फिरते, गॅस नसला तर तेल पोचत नाही आणि हजारो रुपयांचा कॉम्प्रेसर जाम होतो. "तार जोडून देतो, सलग चालेल" असे म्हणणारा कुणी भेटला तर गाडी घेऊन तिथून निघावे.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. गाडी पळताना गार आणि फाटकावर, बाजारात उभी राहिली की गरम, असे होत असेल तर संशय कंडेन्सरवर आणि त्याच्या पंख्यावर घ्यावा. पळताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंखाच वारा देतो. पंखा फिरत नसेल तर इंजिनही तापते, तेव्हा तापमानाच्या काट्याकडे लक्ष असू द्या. काटा वर चढला असेल तर एसीची चिंता सोडून गाडी बाजूला घ्यावी. दुसरी खूण अशी की अर्धा तास छान गार लागते, मग वारा कमी कमी होत जातो, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावला की परत गार. तेव्हा कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असतो. बहुधा फिल्टर तुंबलेला, किंवा तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला. यात गॅस भरून दुखणे वाढेल, कमी होणार नाही.

नानांच्या गाडीच्या नाकाची जाळी पाहिली तर उसाचे पाचट, माशा, चिखल आणि धूळ यांचा थर बसलेला. मला वाटले, सापडले! नानांच्या मुलाला म्हटले, "आण रे तो फवारणीचा पंप." एचटीपीच्या पिचकारीने मी जोरात पाणी मारले. थर निघाला, पण जाळीची पातळ पाती एका बाजूने आडवी झाली, केळीच्या पानावर गारा पडाव्यात तशी. या पात्यांमधूनच वारा जायचा असतो. नंतर वहिनींच्या सुईने एक एक पाते सरळ करण्यात माझी संध्याकाळ गेली. तुम्ही असे करू नका. इंजिन गार झाल्यावर, साध्या नळीने, हलक्या धारेने, जमल्यास आतल्या बाजूने बाहेर असे धुवा. मऊ ब्रश वापरा. गाळपाच्या हंगामात महिन्यातून एकदा धुतले तरी पुष्कळ.

धुतल्यावर थर्मामीटर २६ वरून २२ वर आला. फरक पडला, पण दुखणे तिथे नव्हते. पंचवीस-तीस वर्षे "निदान आधी, औषध नंतर" असे तुम्हाला सांगत आलेला मी, पहिली घाण दिसताच पंप मागवून मोकळा झालो होतो. असो.

गळती शोधायची तर एक गोष्ट घरी करता येते. गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, एसीच्या नळ्यांचे सांधे एक एक करून पाहावेत. जिथे काळपट, तेलकट चिकटा दिसेल तिथे संशय. धुण्याच्या साबणाचा दाट फेस लावावा, पंक्चरवाला लावतो तसा. मोठी गळती असेल तर बुडबुडे येतात. बारीक गळती फेसाला सापडत नाही. इतकेच पाहायचे आणि थांबायचे. नटाला पाना लावायचा नाही, कसलेही तोंड दाबून पाहायचे नाही. तो गॅस निसटून बोटांवर आला तर कातडी गोठून फोड येतात, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

मी पाहत असताना एक गोष्ट दिसली. गॅस भरण्यासाठी नळ्यांवर दोन तोंडे असतात, त्यांवर झाकणे असतात. नानांच्या गाडीत जाड नळीवरचे झाकण नव्हते. तोंडाभोवती काळा चिकटा. फेस लावला तर मोहरीएवढा बुडबुडा सावकाश फुगला आणि फुटला. मग पुन्हा फुगला.

सोलापूरला एका वयस्क मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी गॅसमध्ये घालायचा रंग टाकून, निळा दिवा मारून बाकीचे सगळे सांधे तपासले आणि मग सांगितले की गळती तेवढ्याच जागी आहे. त्या तोंडात ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये असते तशी एक पिन असते. झाकण नसल्याने तिच्यात माती गेली होती आणि ती पुरती बसत नव्हती. तीन वर्षे दर पाडव्याला ज्या तोंडातून गॅस भरला जात होता, त्याच तोंडातून तो निघून जात होता. पहिल्या वेळी झाकण परत लावायचे राहिले, इतकीच गोष्ट. पिन आणि झाकण मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत. नाना मुकाट्याने हिशेब करत होते, ते त्यांच्या ओठांवरून कळत होते.

प्रत्येकाचे इतक्यावर भागेल असे नाही. कंडेन्सर खडा लागून फुटतो, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील जाते, रबरी नळी चिरते. सगळ्यात खर्चिक म्हणजे डॅशबोर्डामागची कॉइल गळणे, कारण सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो उतरवायला कुणी सांगितले तर आधी पुरावा मागा, रंग दाखवा म्हणावे, यंत्राने दाखवा म्हणावे.

त्या मिस्त्रींनी पुढे जे केले ते नीट सांगतो, कारण तुम्ही तुमच्या एसीवाल्याकडून तेच करून घ्यायचे आहे. उरलेला गॅस त्यांनी हवेत न सोडता यंत्राने टाकीत ओढला. पिन बदलली. नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरून दाब धरून राहतो का ते पाहिले. टायरला भरायची हवा या कामाला चालत नाही, तिच्यात ओल असते. मग अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावला. व्हॅक्यूम केवळ हवा काढण्यासाठी नसतो. दाब अगदी कमी केला की पाणी न तापवताच उकळून निघून जाते, आणि आतली ओल घालवायची तीच रीत. ओल राहिली तर बारीक तोंडाशी तिचा बर्फ होतो आणि तेलही खराब होते. व्हॅक्यूम केल्यावर पंप बंद करून काटा जागेवर राहतो का पाहायचे. काटा हलला तर गळती अजून आहे.

मग गॅस भरला तो वजन करून. बॉनेटखाली एक चिठ्ठी असते, तिच्यावर गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान-मध्यम गाडीला चारशे ते सातशे ग्रॅम, असा साधारण हिशेब असतो. "अंदाजे भरतो, गार लागलं की बास" हे धोरण चुकीचे. गॅस जास्त झाला तरी गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. खताची मात्रा जशी मातीपरीक्षणावर, तशी गॅसची मात्रा चिठ्ठीवर. बिलावर गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहून घ्या. गाडी परत घेताना झरोक्यात थर्मामीटर लावा. नानांच्या गाडीत ९ अंश आला.

स्वस्त गॅसबद्दल दोन शब्द. काही ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वलनशील गॅस भरून देतात. गारही लागते. पण कूलिंग कॉइल आपल्या पायांशी, बंद गाडीच्या आत असते. ती गळली आणि कुणी काडी ओढली तर काय होईल ते सांगायला नको. बनावट गॅसची टाकी त्याहून फसवी. २०११ साली व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेले काही शीतकंटेनर फुटले आणि त्यात माणसे दगावली. तशाच कंटेनरांतून आपली द्राक्षे परदेशी जातात. त्यांत आर १३४ ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये अॅल्युमिनियमशी भडका घेणारी भेसळ निघाली होती.

गॅस हवेत सोडू नये असे मी वर म्हटले त्याचेही कारण आहे. पूर्वी गाड्यांत आर १२ गॅस असे. तो आकाशातल्या ओझोनच्या थराला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो सोडत आणला, आपल्या देशातले त्याचे उत्पादन २००८ साली थांबले. त्याच्या जागी आलेला आर १३४ ए ओझोनला त्रास देत नाही, पण ऊब धरून ठेवण्यात तो कर्बवायूच्या सुमारे १३०० पट भारी आहे. म्हणजे नानांच्या गाडीतून दर वर्षी गळून गेलेला अर्धा किलो गॅस सहाशे-साडेसहाशे किलो कर्बवायूच्या बरोबरीचा. काही नव्या गाड्यांत आता आर १२३४ वायएफ नावाचा गॅस येतो. तो त्या बाबतीत सौम्य आहे, मात्र महाग आहे आणि थोडासा ज्वलनशीलही. चिठ्ठीवर जो लिहिला असेल तोच भरायचा, एकाच्या जागी दुसरा नाही.

रोजच्या वापराचे थोडे. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी चारही दारे उघडून गरम हवा जाऊ द्या, काचा खाली ठेवून एक-दोन मिनिटे चाला, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबा. मोटारीच्या चित्रात वळलेला बाण असतो ते. लांबच्या प्रवासात मधूनमधून बाहेरची हवा घ्या, नाहीतर डोके जड होते. हिवाळ्यात एसी चार महिने बंद ठेवू नका, पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे चालवा. आतले तेल फिरते आणि सील ओले राहते. विहिरीवरचा पंप बंद पडून राहिला की ग्लँड कशी सुकते, तसेच हे.

आता एसीच्या दुरुस्तीइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची गोष्ट. बंद गाडी उन्हात उभी असली की दहा मिनिटांत आतले तापमान दहा अंशांनी चढते, आणि पुढे चढतच राहते. "पाच मिनिटांत येतो" म्हणून लेकराला गाडीत झोपवून बँकेत जाऊ नका, एसी चालू ठेवूनसुद्धा जाऊ नका. इंजिन बंद पडले तर लेकरू सांगणार कुणाला? अंगणात उभी गाडी मुलांना खेळण्याचे घर वाटते, ती आत शिरतात आणि दार आतून उघडता येत नाही. अशा रीतीने लेकरे गेलेली आहेत. गाडी घरी असली तरी कुलूप लावा आणि किल्ली उंचावर ठेवा. बंदिस्त शेडमध्ये इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे, हा प्रकार ट्रकवाल्यांचा पाहून आपल्याकडची तरुण मुलेही करतात. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

नानांचे नातवंड आता रांगते. परवा डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी त्यांच्या बागेत गेलो होतो, तेव्हा वहिनींनी बॉनेट उघडून मला ते झाकण दाखवले. त्यांनी त्याला लाल दोरा बांधून ठेवला आहे, दुरुस्तीवाल्याच्या खिशात जाऊ नये म्हणून.

पुढच्या वेळी या तेल्या रोगावरच लिहीन. तोवर ज्यांच्या बागेत पानांवर तेलकट डाग दिसत असतील त्यांनी छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी, आणि फवारणीचा पंप मोटारीवर चालवू नये.